बाबांचा हात आणि मागची सीट

नाही बाबा, "आजवर गाडीला एक ओरखडा नाही" हे कारण पुन्हा नको. समोरून चुकीच्या बाजूने येणारा काय तुमचा अनुभव विचारून धडकणार आहे?

ताई म्हणते, भाषणाची सुरुवात भांडणाने करत नाहीत. बरं. तर या निरोप समारंभाचे आदरणीय अध्यक्ष मोठे साहेब, मंचावरचे सन्माननीय पाहुणे, हिशेब खात्याच्या मॅडम, खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकलेले बंधू-भगिनी, आणि पहिल्या रांगेत पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेली माझी आई, सगळ्यांना नमस्कार. मी सत्कारमूर्तींचा धाकटा. सुट्टी मिळाली नाही म्हणून भाषण लिहून पाठवलंय, ताई वाचतेय. माझं शिक्षण बेताचं. ती जिथे अडखळेल तिथे चूक माझी. जिथे हसेल, तिथे तिची.

माझे बाबा या कार्यालयाचे ड्रायव्हर. गाडीही एकच, जिला तुम्ही सगळे प्रेमाने म्हातारी म्हणता. आतापर्यंतच्या वक्त्यांनी बाबांना वक्तशीर म्हटलं असेल, निर्व्यसनी म्हटलं असेल. पण त्यांच्या हाताबद्दल कुणी बोललं का? नसेल. भीतीने नसेल बोललं.

बाबांनी ब्रेक दाबला की त्यांचा एक हात शेजारच्याच्या छातीवर फाटकाच्या दांडीसारखा आडवा येतो. माणूस पुढे आदळू नये म्हणून. हेतू चांगला आहे, नेम नाही. आणि याला गाडीच लागते असं नाही. सिनेमात ट्रक अंगावर आला तेव्हा शेजारच्या अनोळखी गृहस्थांचे पॉपकॉर्न तीन रांगा पुढे गेले. ताईच्या लग्नात फोटोवाला म्हणाला, "जावईबापू, जरा पुढे या." भावजी पुढे झुकले आणि हात आला. त्या फोटोत भावजी अजून पडतायत.

साहेब, लहान तोंडी मोठा घास घेतो. आपण मागच्या सीटवर बसता, तो लोकांना रुबाब वाटतो. पण आमच्या घरी खरं कारण माहीत आहे. पहिल्याच दिवशी आपण पुढे बसला होतात, रस्त्यात कुत्रं आडवं आलं, आणि आपल्या नाकाला रुमाल लावून बाबांनी आपल्याला दवाखान्यात नेलं. आपण तक्रार केली नाहीत, जागा बदललीत. यालाच मोठेपण म्हणतात.

आईनेही तेच केलं. दोन चष्मे फुटल्यावर ती कायमची मागे गेली.

आता मुद्दा. गुच्छाशेजारच्या पाकिटात म्हातारीची किल्ली आहे, असं ताईने कळवलंय. कार्यालय ती गाडी बाबांना नावापुरत्या किमतीत देणार आहे. त्या प्रेमाला माझा दंडवत. पण कृपा करून ती किल्ली देऊ नका.

मी काम करतो ते अपघात झालेल्या गाड्या सुट्या करायच्या आवारात. मी एका जागी टिकत नाही हे बाबांचं म्हणणं खरं आहे. याआधी मी बेकरी सोडली, लॉन्ड्री सोडली, एक मासे पॅक करायचा कारखाना तर वासानेच सोडवला. इथे टिकलोय. एकदा एक बाई आल्या. त्यांच्या गाडीचं नाक पार बॉनेटभर चुरगळलेलं, आत एअरबॅगा वाळत घातलेल्या उशांच्या अभ्र्यांसारख्या लोंबत होत्या. आणि बाई आपल्या पायांनी चालत आल्या, एक कानातलं शोधायला. अर्धा तास शोधलं. मिळालं नाही तर मलाच म्हणाल्या, "गाडी झाडून तरी ठेवायची." मी खाली मान घालून ऐकून घेतलं. पण मनात म्हटलं, गाडी घ्यावी तर अशी. जिच्यातून माणूस नंतर भांडायला येतो.

हे मी फोनवर बाबांना सांगितलं. विचारलं, "म्हातारीला एअरबॅग आहे का?"

"तिला मी आहे," बाबा म्हणाले.

"आणि ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ नयेत, गाडी वळवता यावी, ती एबीएसची सोय?"

"मी जपून दाबतो."

"टायर कधीचे आहेत? टायरवर शेवटी चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. आईला व्हिडिओ काढायला सांगा."

आईने व्हिडिओ पाठवला. त्यात पूर्णवेळ तिचा अंगठा आहे. मधेच बाबांचा आवाज येतो, "टायर पाहुण्यांना दाखवायची वस्तू आहे का?" दुसऱ्या खेपेला आकडे दिसले. ते टायर ताईच्या लग्नाच्या आधीचे निघाले. ताईचा मुलगा आता चौथीत आहे.

मग मी ताईला गळ घातली, तिने दोघांना शोरूममध्ये नेलं. विक्रेत्याने रंग दाखवले, छतातली खिडकी दाखवली, टीव्हीएवढा पडदा दाखवला. बाबांनी एकच प्रश्न विचारला, "पट्टा लावला नाही की ही पीं-पीं वाजते, ती बंद कशी करायची?" त्या भल्या माणसाने त्यांना खोटं बक्कल फुकट दिलं. बाबा आजही ते खिशात घेऊन फिरतात. साहेब, विनंती आहे, सत्कारापूर्वी ते जप्त करावं. पट्ट्याशिवाय एअरबॅग म्हणजे ऐन वेळी थोबाडीत. ती पट्टा लावलेल्या माणसासाठीच बेतलेली असते.

घरी येऊन बाबा फोनवर म्हणाले, "ती गाडी चांगली आहे. धडकेच्या परीक्षेत तारे मिळालेत."

मी म्हटलं, "तारे कुठल्या मॉडेलला मिळाले ते विचारलंत? सहा बॅगांच्या गाडीची परीक्षा झाली आणि तुम्ही तिची गरीब बहीण घरी आणलीत, तर तारे तिच्या अंगावर येत नाहीत."

"सहावाली महाग आहे. दोन बॅगांत काय कमी पडतं? पुढे दोघंच बसतो."

"पुढे तुम्ही एकटे बसता, बाबा. आई मागे बसते."

यावर ते म्हणाले, "मागे काय होतंय?"

मंडळी, म्हातारीच्या मागच्या सीटचे पट्टे कव्हरखाली शिवून टाकलेत, बक्कल टोचतं म्हणून. आणि बाबांचा हात कितीही लांब असला तरी मागच्या सीटपर्यंत पोचत नाही. आयुष्यभर त्यांनी शेजारच्याला वाचवलं. पण ज्या बाईसाठी तो हात सगळ्यात आधी पुढे आला असता, तिलाच त्याने मागे पाठवलंय.

म्हणून साहेब, म्हातारीला इथेच फाटकाजवळ उभी करा. वॉचमनकाकांची दुपारच्या झोपेची सोय होईल आणि तिलाही निवृत्ती मिळेल. बाबा, तुम्ही सहावालीच घ्या. मागे दोन्ही बाजूंना खांद्यावरून येणारे पट्टे, डोक्यामागे आधार, खिडकीवरून उतरणारी बॅग, आणि गाडी घसरली तर तिला स्वतःच सरळ करणारी ती यंत्रणा, एवढं आहे ना ते बघा आणि मगच रंग निवडा. रंग आईला निवडू द्या. उद्या काही झालंच, तर तिने चष्मा शोधत आपल्या पायांनी यावं आणि गाडी झाडली नाही म्हणून कुणाला तरी बोलावं. एवढंच मागणं आहे.

आपण सगळ्यांनी माझ्या बाबांना इतकी वर्षं सांभाळलंत, नाकं, चष्मे गमावूनही सांभाळलंत, त्याबद्दल या घराचे शतशः आभार. बोलण्यात कुणाचा मान कमी-जास्त झाला असेल तर दुरून बोलतोय असं समजून पोटात घाला. आणि बाबा, आता "वरचे पैसे कुठून आणू" हे नको. मोटरसायकलसाठी साठवत होतो. ती घेतली असती तर हीही नोकरी सोडून कुठेतरी निघून गेलो असतो. दोन आणि सहामधला फरक मी शोरूममध्ये विचारलाय, तो सोमवारी ताईच्या खात्यात येईल: एक लाख बारा हजार.