तळ्यातली विहीर

तळ्यांची खोली मोजणं हा माझा धंदाच, त्यामुळं पाण्यातलं मला कुणी शिकवलेलं खपत नाही. पण राधानगरीच्या वाटेवरच्या एका तलावावर दत्तूतात्यांनी माझी पार जिरवली.

सत्तरीचे तात्या आमची नाव वल्हवत होते. यंत्र सगळीकडं बारा फूट दाखवत होतं आणि एका जागी एकदम पस्तीस.

मी म्हटलं, "यंत्र बिघडलंय. हा आकडा खोडतो."

"खोडू नका पावणं," तात्या म्हणाले. "ती आमची हीर हाय. माझ्या बानं खणलेली. मी पवायला तितंच शिकलो."

"कशावरून?"

"आता धा हात फुडं जाऊ की. आमच्या गोठ्याचा कट्टा लागंल."

त्यांनी नाव पुढं घेतली आणि आकडा आठवर आला. मी पस्तीसचा आकडा तसाच ठेवला. मग तिथूनच ऑफिसात फोन लावला आणि साहेबांना सगळं सांगितलं.

साहेब वैतागले. "अहो, तळ्यात विहीर कशी असेल? परत मोजा."

फोनचा आवाज मोठा होता. तात्यांनी वल्हं थांबवलं आणि फोनकडं वाकून शांतपणे म्हणाले, "सायेब, हीर आदुगर हुती. तळं मागनं आलं."