मोठे जनावर : एक

नाही, तुम्ही आधी मला सांगा साहेब — गाईला कळतं का हो, घरातलं माणूस गेलेलं? साधा प्रश्न आहे. गुरांच्या डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले जंताचं औषध दिलं होतंस का. मुलांच्या पशुपालन क्लबच्या अध्यक्षांना विचारलं, तर त्यांनी अर्ज पुढे केला. आईला विचारलं, ती म्हणाली गप बस आणि जेव. आणि तुम्ही — तुम्ही नुसते त्या कागदाकडेच बघताय. बसा ना. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय आखूड आहे, या पेंडीच्या पोत्यावर बसा. काय बघायला आलात? जनावर? हो, लिहिलंय ना — मोठे जनावर, एक. खोटं नाही ते. मीच.

हसू नका. वर बघा, वय लिहिलंय चोवीस. वजन एकसष्ट. म्हणूनच आलात ना — चोवीस वर्षांची, एकसष्ट किलोची गाय म्हटल्यावर मुख्य कार्यालयात कुणाच्या तरी भुवया उंचावल्या असणार. मला मोठं जनावर कागदावर आणायचं होतं, कारण तुमचाच नियम — गोठ्यात जनावर नसेल तर वर्ग बंद. आणि हा वर्ग ताईचा आहे. होता. दर शनिवारी चार वाजता, अकरा मुलं, पशुविज्ञान. ताप आला आणि चार दिवसांत गेली हो. एकतीस वर्षांची. फळ्यावर तिचं अक्षर अजून तसंच आहे बघा, कुणी हात लावायचा नाही — ‘आकडा खोटा लिहायचा नाही. जनावर बोलत नाही, त्याचा आकडा बोलतो.’

तर ती गेल्यानंतरच्या शनिवारी मुलं आली. अकराच्या अकरा, वह्या घेऊन, एकाच्या गळ्यात ताईचा स्टेथोस्कोप. गोठा रिकामा. मी सहावीत शाळा सोडलेला माणूस, मी काय शिकवू? गाईला पोटाचे चार कप्पे असतात एवढंच मला माहीत, तेही ताई जेवताना सारखी सांगायची म्हणून. मुलं माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे. शेवटी गव्हाणीपाशी गेलो, ओणवा झालो, हात टेकले आणि म्हटलं — मोजा.

आणि मोजलं की त्यांनी! ठोके, श्वास, काट्यावर चढवून वजन, पायांची ठेवण. ताप मोजायला आले तेव्हा मात्र मी सांगितलं, काखेत, फक्त काखेत, गाईची पद्धत इथे चालणार नाही. ताईची एक रीत होती — मोजून झालं की एकेकानं उभं राहायचं, हात पाठीमागे, आणि दर्जा सांगायचा. नुसता दर्जा नाही, कारणांसकट. तर ती चष्मेवाली उभी राहिली, तेरा वर्षांची, ताईची लाडकी, आणि म्हणते, ‘पाठ वाकलेली. खूर अस्वच्छ. नजर मंद. कास आढळली नाही. दूध शून्य. शेरा — भाकड. दर्जा क.’ क! अहो, अडीच तास हातापायांवर उभा होतो मी, गुडघे सोलले, आणि क? मी म्हटलं, ए, तुझ्या ताईचा भाऊ आहे मी. तर म्हणते, ‘कारणांत नातं येत नाही, दादा.’ हे ताईचंच वाक्य. तिच्याच आवाजात.

मग दर शनिवारी तेच. सात शनिवार. तो तक्ता बघा — एकसष्ट, साठ, साडेअठ्ठावन्न, सत्तावन्न. पेन्सिलीची रेघ कशी खाली घसरत गेलीय. नाही नाही, तुम्ही माझ्याकडे असं बघू नका, मी जेवतो. जेवायला बसतो मी. पण पोरांनी सभा घेतली, इथेच, माझ्यासमोर, मी ओणवा असताना. चष्मेवाली म्हणते, चारा उरतोय. दुसरा म्हणतो, कळपापासून लांब बसतो. तिसरा म्हणतो, रात्री झोपत नसावा, डोळे बघा. उपाय काय? पुढच्या शनिवारी अकरा डबे आले, सगळे गव्हाणीत ओतले त्यांनी, पंचमेळ, आणि वही घेऊन बसले, किती घास खातो ते लिहायला. अकरा जण. रोखून बघतायत. कसं गिळणार? चार घास. त्यातली सगळ्यात धाकटी, बारकी, ती रडायला लागली. म्हणाली, हा पण जाणार का?

म्हणून मग मी खिशात दगड घातले. पुढच्या दोन्ही शनिवारी. नदीतले गोटे, चांगले गुळगुळीत, पँटच्या दोन्ही खिशांत. रेघ वर गेली. काय टाळ्या पिटल्या त्यांनी! चष्मेवालीनं मला दर्जा ब दिला. ताईच्या फळ्याखालीच उभा होतो.

काय म्हणालात? गाय कुठेय? मेली. अपचन झालं होतं. म्हणजे — मुलांना तसं सांगितलंय. तुम्ही लिहू नका ते. थांबा, पेन खाली ठेवा. मेली नाही ती. मी हाकलली. दवाखान्यातून आलो, गोठ्यात शिरलो, तर ही बसलीय निवांत, रवंथ करतेय. ताईनं हिला बाटलीनं दूध पाजून वाढवली, ताई गेली, आणि ही चघळतेय! डोकंच फिरलं. दावं सोडलं, काठी घातली पाठीत, पुलापर्यंत हाकलत नेली. ती सारखी मागे वळत होती, आणि मी सारखी काठी उगारत होतो. दुसऱ्या दिवशी शोधायला गेलो, तर कुठे काही नाही. अजून सापडली नाही.

आणि आता ही वही बघा. तो दिवस शनिवारचा होता ना, पोरं ताईची वाट बघत इथे बसलेली, रवंथ मोजत. गाय एका घासाला पन्नास-साठ वेळा चघळते, साहेब. आधीच्या शनिवारचे आकडे बघा — अठ्ठावन्न, साठ, पंचावन्न. त्या दिवशी एकोणीस. मग बारा. मग सात. पुढचा रकाना रिकामा, कारण तेवढ्यात मी आलो आणि पोरांना घरी पिटाळलं, काठी त्यानंतर उचलली. बारकीनं लिहिलंय हे. मी गेल्या आठवड्यात पाहिलं. आता सात वेळा चघळली ती दुःखानं की पोट बिघडून — कोण सांगणार? म्हणून सगळ्यांना विचारत फिरतोय.

चार वाजले. आली बघा पोरं, चपलांचा आवाज. या रे. हे कार्यालयातले साहेब, नमस्कार करा. चष्मेवाले, वही घे. साहेब, तुम्ही तुमच्या कागदावर लिहा काय लिहायचं ते, जनावर नाही असंच लिहा, मी सही करतो. पण आधी एवढं वजन होऊ दे. हे घ्या, धरा जरा — जड आहेत, सांभाळून. आणि हा दुसऱ्या खिशातला. हो गं बारके, दगडच आहेत. मागचे दोन आकडे खोडून टाका, ते खोटे होते.

चढलो मी. वाच गं. मोठ्यानं वाच, सगळ्यांना ऐकू जाऊ दे.

साहेब, जरा बाजूला सरका, तिला काटा दिसत नाहीये.