कुरकुरणारं चामडं

सोफ्याचं चामडं निवडायला आलेले पोस्टमास्तर दुकानातल्या बाकावर बसून होते. त्यांच्या आधी एका जोडप्याची पाळी होती.

"ताई, अस्सल चामडं आहे. हात फिरवून बघा, लोण्यासारखं लागेल."

"हात कशाला? अहो, बसा बघू. आता उठा."

"उठलो."

"आवाजच नाही आला. भाऊ, दुसरं दाखवा."

"ताई, चांगलं चामडं आवाज करत नाही."

"मग वाईट दाखवा. डॉक्टरांनी यांचं गोड बंद केलंय. दुपारी माझा डोळा लागला रे लागला की हे सोफ्यावरून उठून फ्रिजपाशी."

"अगं, चारचौघांत काय हे..."

"बसा. उठा."

कुर्रर्र.

"हेच द्या."

"हे नकली आहे, ताई. दोन वर्षांत पापुद्रे निघतील."

"तोवर यांची साखर उतरेल."

"घे बाई, होऊ दे तुझ्या मनासारखं. मी आपला लाकडी खुर्चीवर बसेन."

"भाऊ, घरी चार खुर्च्या आहेत. त्यांनाही हेच लावा."

जोडपं गेलं.

"बोला काका, तुम्हाला कसं हवं?"

पोस्टमास्तरांनी दाराबाहेर नजर टाकली. त्यांची बायको अजून रस्ता ओलांडून दुकानाकडे येत होती.

"मुकं दाखवा," ते हळूच म्हणाले, "आणि ती आत यायच्या आधी बिल करा."