डावं शिंग

मिरजेच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर दोघं बोलत होते. एक वडूजकडचा शेतकरी, दुसरे पांजरपोळाला चारा पुरवणारे सांगलीचे व्यापारी.

“आवं शेटजी, तुमच्या त्या प्राणीवाल्यांनी शर्यतीतनं माझा बैल उचलून न्हेला. मी त्याला चाबूक कवा दावला न्हाई.”

“गुंडाभाऊ, शर्यत बिनपरवाना होती. पोरं वाईट नाहीत ती. जखमी जनावर बघून रडतात.”

“रडत्यात, पर आमचं ऐकत न्हाईत. त्यांची गाडी दिसली की गाव जनावरं आत बांधतंय.”

“म्हणून बेंदराच्या सणाला तुम्ही चोरून पांजरपोळात शिरलात?”

“मी? मी घरातच हुतो. सगळं गाव सांगंल.”

“मग शिंगं कुणी रंगवली? चाळीस जनावरांत तुमचाच एक बैल रंगवलेला. कुलूप जागेवर, कॅमेऱ्यात कुणी नाही.”

“बायको म्हणली, बैल न्हाई तर सण कसला. मग मी रिकाम्या दाव्यापाशी बसलो आन् रंगाचा ब्रश नुसता हवेत फिरवला. येड्यावानी.”

“असं कुठं असतं का!”

“शेटजी, डाव्या शिंगाचं टोक रंगवल्यालं हुतं का?”

“नाही. तेवढं बोटभर कोरं होतं. तुम्हाला कसं ठाऊक?”

“तिथं त्याला दुखतंय. हात गेला की डोकं झाडतो.”

“बरं, मग?”

“आवंदा बी झाडलं.”