नऊ आकाशदिवे

नाही हो काका, बसा, बाक काय माझ्या एकट्याचा आहे? मघाशी तुम्ही फोनवर ‘घेतली गं बीपीची गोळी, कितीदा विचारशील’ म्हणालात ना, ते ऐकून बरं वाटलं — म्हणजे गोळीचं नाही, मराठीचं. तुमची मुलगी नातवंडांना घेऊन खाली धक्क्यावर गेली, खेकडे बघायला. बघितलं मी. वेळ लागेल त्यांना, खेकडे बघायला सगळ्यांनाच वेळ लागतो. मी? मी बायकोची वाट बघतोय. स्वानंदी. ती आत गेलीये — ती पांढरी बिल्डिंग, लाल छपराची, झेंडा आहे ती. लाइफबोट स्टेशन आहे ते, कोस्ट गार्डचं. समुद्रात कोणी अडकलं की इथून बोट निघते. नाही, तसं काही झालेलं नाही, आमचं कोणी अडकलेलं नाही. आम्ही नुसतं बघायला आलोय. हे सातवं स्टेशन आमचं. वॉशिंग्टनच्या वरच्या टोकापासून सुरुवात केली, दर वीकेंडला एक, खाली खाली येत ओरेगनपर्यंत पोचलो. लोक अष्टविनायक करतात, आम्ही लाइफबोट स्टेशनं करतो — हा जोक मी सगळीकडे मारतो, हसतात लोक. तुम्ही हसला नाहीत. बरोबर आहे, फार चांगला नाहीये.

ती बोट दिसतेय का, रुपेरी रंगाची, धक्क्याला बांधलेली? सत्तेचाळीस फुटी. लाटेनं उलटी केली तरी आपणहून सरळ होते, आठ-दहा सेकंदांत. आतले लोक पट्ट्यांनी बांधलेले असतात, ते तेवढा वेळ पाण्याखाली श्वास धरून बसतात, आणि वर आले की पुढे जातात — परत फिरत नाहीत, पुढे जातात. आणि तुमच्या-माझ्या वयाचे नाहीत हो, वीस-बावीस वर्षांची पोरं. मी त्या वयात कॉलेजच्या कट्ट्यावर व्यवस्था कशी बदलली पाहिजे यावर भाषणं ठोकत होतो. अजूनही ठोकतो. रेडमंडला आमच्या मराठी मंडळात विचारा कोणालाही, ऋषी — म्हणजे मी — आला की लोक प्लॅस्टिकचे चमचे लपवतात. सौमित्र म्हणून मित्र आहे माझा, तो मला ‘पर्यावरण खातं’ म्हणतो. एक कप चुकीच्या डब्यात गेला तर मी बाहेर काढून दाखवतो, हा इथला नाही म्हणून.

तुम्हाला वाटेल, मग एवढी स्टेशनं कशाला. खरं सांगू? — थांबा, आधी खोटं सांगतो, कारण ते मला जास्त चांगलं येतं. स्वानंदी फोन करून टूर मागते. आम्हाला लाइफबोटींची फार आवड आहे म्हणते. जाताना चिवडा नेते, डबा भरून, कारण रिकाम्या हातानं कोणाच्या दारात जायचं नाही. ते लोक कॉफी देतात, बोटीवर चढवतात, फोटो काढतात. चौथ्या स्टेशनवर तर त्यांना आधीच माहीत होतं, वरच्या स्टेशनवरून फोन आला होता म्हणे — एक इंडियन कपल येतंय, त्यांच्याकडचं ते तिखट घ्या. इतकी चांगली माणसं आहेत ती. आणि प्रत्येक ठिकाणी निघताना स्वानंदी अगदी सहज विचारते, दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरमध्ये अमुक गावच्या बोटीवर कोणाला तरी खांद्याला लागलं होतं, पेपरात वाचलं होतं, ते बरे आहेत का? कुठे असतात? यांच्या बदल्या होतात ना सारख्या, आणि पेपरात नाव नव्हतं. कोणाला माहीत नसायचं. मी गाडीत म्हणायचो, बघ, नाही मिळत, आपण प्रयत्न केला. ती पुढच्या स्टेशनचा नंबर शोधत असायची.

गावाचं नाव? नको. राहू दे.

दिवाळी होती ती. चार कुटुंबं मिळून समुद्रावर घर घेतलं होतं वीकेंडला. लक्ष्मीपूजन झालं, मुलं फटाके फटाके करत होती आणि फटाके मी बंद केले होते. महिनाभर आधीच ग्रुपवर मोठा मेसेज टाकला होता — धूर, आवाज, पक्षी, कुत्री, सगळं. मग मुलांना काहीतरी द्यायला हवं ना, तर मी आकाशदिवे मागवले. उडणारे. आपला कंदील दारात टांगतात, हे कागदाचे, खाली मेण पेटवायचं की वर जातात. तांदळाचा कागद, बांबूची कडी, मातीत विरघळणारे — पाकिटावरचं सगळं वाचलं मी, अक्षर न् अक्षर. इथे त्यांना बंदी आहे ते मात्र वाचलं नाही. आपल्याकडे कोणी वाचतं का काका, दिवा लावायला परवानगी लागते म्हणून? — हे बघा, हे पण खोटं. मी एरवी वाचतो. त्या दिवशी बरोबर असायची इतकी सवय झाली होती की वाचलं नाही.

बारा होते. तीन तिथेच फाटले. नऊ उडाले. संध्याकाळ नुकती सरली होती, आणि वारा एरवी समुद्राकडून येतो तो नेमका त्या दिवशी जमिनीकडून होता, तर ते सगळे ओळीनं पाण्यावर गेले. फार सुंदर दिसत होतं, खोटं कशाला बोलू. केशरी ठिपके, लांब लांब जाणारे. वारा मंद होता पण खाली लाटा मोठ्या होत्या, आवाज येत होता. आणि मग दहा-बारा मिनिटांत, शेवटचे दोन-तीन ठिपके अजून दिसत असतानाच, नदीच्या तोंडातून एक बोट निघाली, निळा दिवा फिरत होता तिचा, लाटांवर चढत होती आणि दाणकन खाली येत होती. मुलांना काय आनंद. आम्ही टाळ्या वाजवल्या. काका, आम्ही टाळ्या वाजवल्या, मी व्हिडिओ काढला, त्यात माझाच आवाज आहे, ‘बघा बघा, आपल्याला सलामी द्यायला आली.’

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला पोहे होते. स्वानंदीनं फोनवर वाचलं. तिथल्या छोट्या पेपराचं पान होतं — काल संध्याकाळी किनाऱ्यावरून दोघा-तिघांनी फोन केले, समुद्रात मदतीचे फ्लेअर दिसले म्हणून. बुडणारे लोक पेटवून उडवतात ते. बोटीनं शोधलं, एका जवानाला जबर लागलं, हेलिकॉप्टर पण आणलं, काही सापडलं नाही. कोणाला काही माहिती असल्यास कृपया या नंबरवर कळवा. तिनं वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. बाकीच्यांना कळलंच नव्हतं, ते बांगड्यांचा कसला तरी विषय काढून हसत होते. आम्ही बाहेर गाडीपाशी आलो. मी तिला म्हटलं, ग्रीन कार्डचा अर्ज अजून मंजूर व्हायचाय, आत्ता पोलिसात नाव नको, वकिलाला विचारू, दोन दिवसांनी कळवू. दोघांनी मिळून ठरवलं आम्ही.

हं.

नाही. दोघांनी नाही. तिनं नंबर लावला होता. रिंग जात होती, पलीकडून कोणीतरी उचललं, बाईचा आवाज, हॅलो म्हणाली. मी फोन तिच्या हातातून काढून घेतला. ओढला. तिच्या बोटाला खरचटलं. आणि बंद केला. हे मी अजून कोणाला सांगितलं नव्हतं, तुम्हाला का सांगतोय मला कळत नाही. आणि आता आलंच आहे तोंडात तर पुढचं पण ऐका — त्या बातमीखाली लोक लिहीत होते ना, तिथे मी लिहिलं. माझ्या नावानं, फोटोसकट. कोणाला संशय येऊ नये म्हणून म्हणा, किंवा कशासाठी ते मलाच माहीत नाही. लिहिलं, ‘त्यांच्यासाठी प्रार्थना करतोय.’ कोणासाठी? नऊ कागदांसाठी? मी देवाला हात जोडत नाही एरवी, लक्ष्मीपूजनाला पण कोपऱ्यात उभा असतो. चाळीस-पन्नास लोकांनी हृदय दिलं त्याला.

मग दोन दिवसांचे दोन आठवडे, आणि मग दोन वर्षं. ग्रीन कार्ड मे महिन्यात आलं. सौमित्रनं केक आणला, मी भाषण केलं, या देशाला आपण काय देतो वगैरे. सगळे गेल्यावर स्वानंदी भांडी घासत होती, पाठमोरीच म्हणाली, ‘आता कोणतं कारण आहे?’ एवढंच. जूनपासून हे सुरू झालं.

आणि काल तो सापडला. इथेच. कर्टिस नाव त्याचं. दारात स्वतःच उभा, उजवा हात असा अंगाशी धरून, डाव्यानं हात मिळवतो. आता बोटीवर जात नाही, रेडिओवर बसतो. खांदा गेला. आधी बोट चालवायचा तो, चौदा वर्षं. स्वानंदीनं विचारायच्या आधीच त्यानं सांगायला घेतलं, कारण तिनं गावाचं नाव काढलं. मला वाटलं चिडलेला असेल, खोटा फ्लेअर उडवणाऱ्यांना शिव्या देईल, आणि मी मान हलवीन. तशी तयारी होती माझी. पण तसं नव्हतंच काका. त्याला वाटतं ते फ्लेअर खरे होते. त्याला वाटतं तिथे माणसं होती. तो म्हणाला, शेवटचा फ्लेअर पाण्यावर उतरताना मी डोळ्यांनी बघितला, त्याच्याकडेच बोट वळवली, तेवढ्यात लाट फुटली आणि मी फेकला गेलो, पोरांनी मला घेऊन बोट परत फिरवली. माझ्यामुळे परत फिरवली. कुठलीच होडी बेपत्ता नाही, माणूस बेपत्ता नाही, फाइल बंद झाली. पण तो म्हणतो, सगळ्यांची बेपत्ता म्हणून तक्रार करायला कोणी असतं असं थोडंच आहे. खेकड्यांच्या बोटींवर कागद नसलेली माणसं असतात, त्यांचे घरचे कागदांच्या भीतीनं तोंड उघडत नाहीत. अजून महिन्यातून एकदा तो बेपत्ता लोकांची यादी काढून वाचतो. आणि मग म्हणाला — हे मी तसंच सांगतो — ‘मी नऊ मोजले. नऊ वेळा पेटवणाऱ्या माणसाला जगायचं असतं.’

नऊ. बरोबर नऊ. माझ्याशिवाय आणि त्याच्याशिवाय ते जगात कोणी मोजलेच नसतील.

आणि मी काय केलं? सांगायला हवं होतं ना? तोंड उघडलं मी. आणि म्हटलं, ‘तुम्ही जे शक्य होतं ते सगळं केलंत.’ त्याच्या चांगल्या खांद्यावर हात ठेवला. मी समजूत घातली त्याची. आणि त्याचे डोळे भरून आले, थँक यू म्हणाला मला. थँक यू. स्वानंदी माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे बघितलंच नाही.  आज सकाळी मोटेलवर तिनं डब्यात उरलेला चिवडा भरला आणि म्हणाली, दहा वाजता मी त्याला बाहेर बोलवून आणणार आहे. मी काही सांगणार नाही, माझं सांगायचं मी दोन वर्षांपूर्वी सांगत होते. तू बाकावर असशील तर असशील.

मी आहे. वीस मिनिटं झाली, आहे. पण गाडीची किल्ली माझ्याकडे आहे, बघा, मुठीत धरून बसलोय, वळ उठले. तुम्ही येऊन बसला नसतात तर मी एव्हाना हायवेला असतो. बायकोला इथे टाकून. हो, खरंच. विचार पुरा केला होता मी, मोटेलवरून तिची बॅग कशी पाठवायची इथपर्यंत. मग तुमची ती बीपीची गोळी ऐकली. म्हटलं, एकदा मराठीत सांगून बघू, जमतंय का. आणि तरी बघा ना, तुम्हाला सांगताना पण किती वेळा खोटं बोललो. मोजत असाल तुम्ही. शिक्षेची भीती नाही हो आता, दंड करतील, करू देत, नोकरी गेली तरी — नाही, भीती आहे. पण ती नाही. तो मला काही बोलणार नाही याची आहे. तो या बाकावर बसेल आणि त्याला कळेल की तिथे कोणी नव्हतं, दोन वर्षं तो कोणासाठीच रडत नव्हता, आणि मग तो मला परत थँक यू म्हणेल. तसा माणूस आहे तो. ते कसं ऐकायचं?

तुमची मुलगी हात करतेय खालून. जा तुम्ही. नाही, थांबा — ही किल्ली धरा जरा. धरा हो, काका. तिला द्या, स्वानंदीला, निळं जॅकेट. माझ्या हातात नको ती आत्ता.

दार उघडलं. तोच आहे तो. डबा त्याच्याच हातात दिलाय तिनं, डाव्या.

जा, काका. आता तुम्ही खरंच जा.