उजव्या बाजूचे बिल्ले

भंतेजी, गावकऱ्यांनो, आयाबायांनो. उन्हाचं विहारात येऊन बसलात, बरं केलंत. मला भाषण येत न्हाई. चौथीत शाळा सुटली, माईक हातात धरायची ही पहिलीच खेप. किसनदादा माझा सख्खा थोरला भाऊ. आज पाच दिवस झाले त्याला जाऊन. बोलायला जीव होत न्हाई. पण बोलले न्हाई तर हे माझ्या छातीत असंच अडकून राहील.

माझ्या आधी चौघं बोलले. चौघंबी म्हणाले, नौदल अधिकारी किसनराव. गुरुजींनी तर बॅनरला सलाम ठोकला. तो बॅनर बघा. पांढरा कोट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, डोक्यावर टोपी, छातीवर बिल्ले. तोंड तेवढं दादाचं हाय, लग्नातल्या फोटोतलं. बाकी सगळं तिकडं पूर्णेला, फोटोच्या दुकानात कॉम्प्युटरवर चढवलंय.

दादा अधिकारी नव्हता.

कुजबुजू नका. ऐका. विशाखापट्टणमला अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये तो कामाला होता. त्यांचे ड्रेस धुवायचे, इस्त्री करायचे, परेडच्या दिवशी अंगावर चढवून द्यायचे. सारी उमर त्यात गेली. त्यात काय वाईट हाय? मला सांगा, काय वाईट हाय?

तुमाला वाटतं, कपडाच तो. एकदा दादानं एक जुनं बटन आणलं होतं, सोनेरी, वर नांगर कोरलेला. आपला शेतातला न्हाई, जहाजाचा. मी हौसेनं चिंच आन राख लावून घासलं. लय घासलं. दादा आला, बघतो तर नांगर पुसून गेलेला. म्हणाला, "अगं भवाने, तांब्या हाय का हा?" मी म्हणलं, "पिवळं दिसलं, घासलं." मग तासभर मला शिकवत बसला. धुवायच्या आधी बटनं काढायची. मऊ कापडानं नुसती पुसायची. नीळ नखभर. सोनेरी जरीवर इस्त्री टेकवायची न्हाई, काळी पडते. वर ओलं फडकं ठेवायचं. गळपट्टी अशी उभी राहावी की घालणाऱ्याची मान आपोआप ताठ होईल. आन बिल्ले डाव्या बाजूला. काळजावर. "उजवीकडं लावले," म्हणायचा, "तर परेडला सगळ्यांसमोर साहेबाचं हसं होतं, आन साहेबाचं झालं की माझं झालं."

आता बघा परत बॅनरकडं. बिल्ले कुठं हायत? दुकानवाल्यानं फोटो आरशातल्यावानी उलटा केलाय. ज्या माणसानं जिंदगीत एक बिल्ला वाकडा लावला न्हाई, त्याला मेल्यावर उजवीकडं बिल्ले लावून टांगलाय.

मी विचारलं होतं त्याला, "साहेबाचा ड्रेस तू घालून बघितला का रे कधी?" हातातल्या फडक्याची घडी घातली. मग म्हणाला, "एकदा." म्हणलं, "कसा दिसलास?" म्हणाला, "आरशात बघितलंच न्हाई. गळपट्टीला माझा घाम लागला. परत धुवावा लागला."

एवढंच त्याचं अधिकारीपण.

हा बॅनर सुमेधनं केलाय. माझा भाचा, दादाचा एकुलता एक. समोरच बसलाय. सुमेध, आत्या सगळ्यांसमोर बोलायली म्हणून राग धर, चालंल. मला आता कशाची भीती न्हाई.

बारावीच्या सुट्टीत हा बापाला भेटायला गेला. दादानं कौतुकानं मेसमध्ये नेलं. एक पोरसवदा साहेब उभा, आन दादा खाली बसून त्याच्या बुटाची नाडी बांधायलेला. वर बघून दादा म्हणाला, "सुमेध, बघ साहेबाची गळपट्टी कशी उभी हाय." पोरगं दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं हिकडं गावाला, चुडाव्याला परत. बापाशी धड बोलणं बंद झालं ते तिथून. आन जगाला सांगणं सुरू झालं, बाबा अधिकारी हायत. स्वतःच्या लग्नपत्रिकेत बी तेच छापलं. दादानं पत्रिका हातात घेतली, त्या ओळीवर बोट फिरवलं आन म्हणाला, "नाव बरोबर छापलंय." दुसरं काही न्हाई. मला वाटलं, बोलंल कधीतरी. न्हाई बोलला. मी बी बोलले न्हाई. सुमेधला धरून कानाखाली द्यायला पाहिजे होती तवा, न्हाई दिली. तो गुन्हा माझा.

मागच्या महिन्यात दादा अंथरुणाला खिळला. सुमेध आला होता. दादा म्हणाला, "शर्ट दे तुझा, बसल्या बसल्या इस्त्री करून देतो." सुमेध म्हणाला, "राहू द्या, मी बाहेरून करून घेतो."

दादानं सगळ्या दुनियेच्या पोरांचे कपडे केले. ह्या एकाचा शर्ट त्याच्या हाताखाली कधी आला न्हाई. तेवढंच मागत होता तो. दुसरं काय मागितलं?

आता काय करायचं? काही करता येत न्हाई. सांगायला दादा न्हाई, माफी मागायला दादा न्हाई. मी म्हणन बॅनर उतरवा, तर कोणी उठणार न्हाई. मला म्हाईत हाय. उद्या वाचनालयात हाच फोटो लावायचं ठरवलंय म्हणं तुमी. लावा. इस्त्री करतानाचा दादाचा एक बी फोटो न्हाई, मी सगळ्या पेट्या उपसल्या. कोण काढणार इस्त्रीवाल्याचा फोटो? आपल्या पोरांना तुमी सांगाल, हे आपल्या गावचे अधिकारी. माझा भाऊ असा दोनदा जाणार.

बस झालं. उठा सगळे. दोन मिनिटं गप उभं राहू. बॅनरकडं बघू नका, डोळे मिटा. सगळ्यांना जय भीम.

सुमेध, उभा राहायच्या आधी मागून कॉलर नीट कर बाबा. दुमडलीय. सांगणारा गेला.