ओली पायरी

माहेर माह्यं रोहिणखेडचं, अन् महाराष्ट्र झालं त्याच साली लग्न होऊन मी खामगावले आली, सासर माळ्याचं, घरचाच भाजीपाला, तर आठ दिवसांतच सासूनं डोक्यावर टोपलं देल्लं अन् बाजारात कापडाच्या दुकानांची ती जुनी दगडी इमारत हाये ना, पहिले तठी कापसाचे दलाल बसत, तिच्या पायरीवर नेऊन बसवलं. म्हणे, दगड ओला ठेव वं, गोणपाट भिजव, मेथी सांजपर्यंत मान टाकत नाही. बस, तेवढंच शिकवलं तिनं. काय सांगू तुमाले, बारा वर्षं मी त्या दगडावर पाणी मारलं, एक घागर सकाळी, एक दुपारी. इमारतीचा शेठ गादीवरून म्हणे, मावशी, तुम्ही पायरीले आंघोळ घालता अन् माह्ये गिऱ्हाईक घसरतात. मी म्हणू, घसरून तुमच्याच दुकानात पडतात ना शेठ. हासे तो.

मंग त्याच्या तळघरात ओल आली. पायरीखालीच तळघर, मले ठाऊक होतं, पण ध्यानात कधी आलं नाही पाहा. कापडाच्या गाठींले बुरशी, भिंत फुगली. शेठ म्हणे, हे हाटेलवाल्याच्या मोरीचं पाणी. हाटेलवाला बाजूच्याच गाळ्यात, सासू गेली तवापासून मले रोज अर्धा कप चहा पाठवे. तो म्हणे, शेठ, माही मोरी तिकडल्या अंगाले वाहते, पाहून घ्या. कोन ऐकते? आठ दिवसांत गाळा खाली कर म्हणे.

मी घागर घेऊन उभी, सारं ऐकून राह्यली होती. तीन दिवस पाणी मारलं नाही अन् बोलली बी नाही. घरी मालकाले सांगतलं, तर ते म्हणे, तुले कोन इचारलं? काऊन बोलते? पायरी गेली तर बसशीन कुठी? खरंच होतं ते. चौथ्या दिवशी चहा आला, तो तसाच खाली ठेवला मी. उठली, गादीपाशी गेली, म्हटलं, शेठ, मोरी नाही हो, माही घागर हाये.

शेठ गादीवरून उठला, पायरी पाहून आला. मंग म्हणे, मावशी, तुम्ही नसतं सांगतलं तर मले कोन सांगणार होतं. अन् दुसऱ्या दिवशी पायरीले लोखंडी कठडा लावला, कोनी बसू नये म्हणून.

आता मी समोर बसते, उन्हात. थकली बाई. दुपार झाली का भाजी मान टाकते. हाटेलवाला तठीच हाये, चहा रस्ता ओलांडून येते. परवा शेठ स्वतः आला, जुडी उचलून पाह्यली, म्हणे, मावशी, सुकली. म्हटलं, हाव शेठ, सुकली. तुमची भिंत? म्हणे, सुकून राह्यली हळूहळू. म्हटलं, मंग न्या जुडी. उभी राहो बाप्पा तुमची इमारत.